डेल्फियाचा केर-पत्ता

कोळसा खाणींच्या मडलिक खोऱ्यात डेल्फिया स्कॅग्जच्या हातचा मार न खाल्लेला बाप्या शोधायचा म्हटलं तर सापडला असता, पण तो एकतर पाद्री निघाला असता, नाहीतर खोऱ्यात नवा. ती उगाच कुणावर हात टाकायची नाही. कारण लागायचं. फक्त तिला कारण लवकर सापडायचं, एवढंच.

तिचा बाप एसा खाणीतून वर आला की घरात मारझोड करायचा. त्या काळात सगळेच करायचे, म्हणून कुणी बोलायचं नाही. एकदा त्यानं बायकोला केसांना धरून ओसरीवर ओढलं, तेव्हा परकरी वयातल्या डेल्फियानं चुलीतलं जळकं लाकूड उचललं आणि त्याच्या कानशिलात हाणलं. कानाची पाळी जळून गेली. पुढे म्हातारा तोच कान लोकांना दाखवून सांगायचा, "माझ्या पोरीचं काम." त्याला त्याचा अभिमान होता. अशा बापाचं काय करायचं ते देवच जाणे.

होबर्टशी तिची ओळखही मारामारीतच झाली. शाळेच्या पटांगणात नाचगाणं चाललं होतं, होबर्टनं तिच्या भावाची गचांडी धरली, आणि हिनं सोड्याची बाटली त्याच्या नाकावर फोडली. पुढच्या रविवारी तो भोपळ्याएवढं सुजलेलं तोंड घेऊन मागणी घालायला आला. नाक कधी सरळ झालं नाही, संसार मात्र सरळ चालला. त्यांना एकच मुलगा, वेंडल. तो सैन्यात जाऊन आला आणि बापाबरोबर खाणीत उतरला. आईचा राग आणि बापाचा गप्पपणा, दोन्ही त्याच्यात उतरलं होतं. हे मिश्रण वाईट.

डेल्फियाच्या घरी रविवारी पत्ते असायचे. चर्च आटोपलं, जेवणं झाली की ती टेबलावरचा मेणकापडाचा तुकडा पुसायची आणि शेजारी येऊन बसायचे. सतरा प्रकारचा पोकर लोक खेळतात, पण तिच्या घरी एकच चालायचा. त्याला खोऱ्यात म्हणायचे केर-पत्ता. प्रत्येकाला सात पानं वाटायची. त्यातली आपल्याला नको ती तीन उचलून डाव्या हाताच्या शेजाऱ्याला द्यायची, आणि उजव्या हाताचा जो केर देईल तो आपण घ्यायचा. मग पाच ठेवायची, दोन टाकायची, आणि पाचही उपडी मांडून एकेक उघडत बोली लावायची. सगळी मजा त्या देण्याघेण्यात. शेजाऱ्याच्या पदरात दुर्री-तिर्री टाकून वर गोड हसायचं, आणि शेजाऱ्यानं तोंड वाकडं करायचं नाही. तोंड वाकडं केलं की डाव गेला. हा नियम डेल्फियाचा होता.

दुसरा नियम असा, की टेबलावर हात उगारायचा नाही. भांडण झालं तर परसात जायचं, तिथं ती स्वतः मध्ये उभी राहून पंचगिरी करायची, आणि जो जास्त रडी खेळेल त्याला शेवटी तीच दोन ठेवून द्यायची.

खाणीत संप सुरू झाला तसे टेबलावर पैशांऐवजी सुके घेवडे आले. जिंकलेले घेवडे सोमवारी शिजायचे, म्हणून लोक पूर्वीपेक्षा जास्त जीव तोडून खेळायला लागले. संप लांबत गेला. न्यायाधीशानं पुरुषांना खाणीच्या फाटकापाशी जमायला बंदी केली, तेव्हा बायका ओल्या छड्या घेऊन उभ्या राहिल्या, आणि पुढे कोण असणार हे सांगायला नको. कंपनीनं बाहेरून संपफोडे आणले, त्यांना राखायला बंदूकवाले रखवालदार आणले. त्यांचा म्होरक्या टॅकेट, इथलाच, पुलापलीकडे त्याची आई राहायची. घरचा माणूस परक्याचा कुत्रा झाला की जास्त चावतो. त्यानं एका सकाळी होबर्टच्या बरगडीत बंदुकीचा दस्ता घातला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "पुढच्या खेपेला डोकं फोडीन." डेल्फियानं त्याच्या गाडीची काच छडीनं नाही, दगडानं फोडली, आणि त्याला टायला धरून चिखलात पाडलं. बायकांनी त्याला इतकं बदडलं की तो आठवडाभर उताणा झोपू शकला नाही.

आणि मग एका धुक्याच्या पहाटे होबर्ट रस्त्याकडेला मेलेला सापडला, डोकं फुटलेला.

कुणी विचारलंसुद्धा नाही की कुणी केलं. टॅकेटनं बोलून दाखवलं होतं, टॅकेटनं केलं. युनियनच्या लोकांनी प्रेत उचललं, पुढच्या खांद्याला आर्लिस होता. होबर्टचा जिवाभावाचा दोस्त, एकाच पाळीत कोळसा काढलेला, दोन घरं सोडून राहणारा. दफन झालं त्या संध्याकाळपासून वेंडल बंदुकीला तेल लावत बसला.

"रविवारी टॅकेट आईकडे जेवायला जातो," तो म्हणाला. "पुलावर गाडी हळू करावीच लागते."

"आणि मग?"

"मग काय. होईल ते होईल."

"मग तुला विजेच्या खुर्चीत बसवून मारतील, ते होईल. नवरा गेला, आता पोर देऊ का त्यांना?"

वेंडलनं नळीत पुन्हा तेलाचं फडकं सरकवलं. डेल्फियाला टॅकेटची दया नव्हती. त्याला पुलावरून खाली फेकला असता तर तिनं टाळ्या पिटल्या असत्या. पण तिला एक गोष्ट खुपत होती. टॅकेट बढाईखोर माणूस. कुत्र्याला लाथ मारली तरी दुकानात जाऊन सांगणारा. आणि होबर्टच्या बाबतीत मात्र तो आईची शपथ घेऊन सगळीकडे सांगत होता की मी नाही. मार खाल्लेल्या माणसाला ती नजरेवरून ओळखायची, खोटं बोलणाऱ्यालाही. टॅकेट घाबरलेला होता, खोटा नव्हता.

आणखी एक गोष्ट होती, ती फक्त तिला ठाऊक होती. होबर्ट त्या पहाटे खाणीकडे गेला होता, आपल्या पायानं. त्याचा एक चुलतभाऊ पोराच्या आजारपणापायी संपफोड्यांत शिरला होता, आणि गावात कुणी त्याला मीठसुद्धा विकत नव्हतं. होबर्ट त्याच्यासाठी डब्यात पाव आणि डुकराचं मांस घेऊन गेला होता, समजूत घालून परत आणायला. "कुणाला सांगू नकोस," तो म्हणाला होता, "मला मऊ म्हणतील." तिनं सांगितलं नाही. डबा प्रेताजवळ सापडला नव्हता.

म्हणून तिनं वेंडलकडून रविवारची दुपार मागून घेतली. "पत्ते होऊ देत," ती म्हणाली. "पत्त्यांवर माणसं बोलतात. काही कळलं नाही तर तुझं तू बघ." वेंडलनं तेवढं मानलं नाही, पण अर्धं मानलं. टॅकेटची गाडी पुलावर येईपर्यंत वाट बघतो, म्हणाला, आणि बंदूक मांडीवर घेऊन ओसरीत बसला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याची पाठ दिसायची, आणि पाठीपलीकडे पूल.

चौघं बसले. डेल्फियाच्या डाव्या हाताला म्हातारा एल्झी, कोळशाच्या धुळीनं छाती भरलेला, दोन शब्दांमागे एकदा खोकणारा. समोर जूनी, आर्लिसची बायको. उजव्या हाताला आर्लिस. चुलीवर बिडाच्या तव्यात मक्याची भाकर भाजत होती.

"होबर्टची खुर्ची रिकामी ठेवायची का?" जूनीनं विचारलं.

"खुर्ची भिंतीकडे सरकव," डेल्फिया म्हणाली. "रिकाम्या खुर्चीशी मला खेळता येत नाही."

एल्झीनं पानं पिसली. पत्ते पिसताना त्याचे हात थरथरायचे, पण एक पान कधी सांडायचं नाही. "पोरी, बाहेर बसलाय त्याला बोलाव की," तो म्हणाला. "थंडी आहे."

"त्याला ऊब आहे. तुम्ही वाटा."

आर्लिसचा केर म्हणजे खरा केर, हे टेबलाला ठाऊक होतं. तो इतका चिकट की आपल्या हातात नको असलेला गुलामसुद्धा शेजाऱ्याला द्यायचा नाही, फेकून द्यायचा. बाकीचे चुकून एखादं बरं पान द्यायचे, आर्लिस कधीच नाही. चौकी, सत्ती, दुर्री, वेगवेगळ्या रंगांची, एकमेकांशी काही नातं नसलेली, आणि वर म्हणायचा, "घे वहिनी, जपून वापर." होबर्ट यावर पोट धरून हसायचा.

पहिल्या डावाला आर्लिसनं तिच्याकडे तीन पानं सरकवली. तिनं उचलली. बदामाची राणी, चौकटची राणी, आणि एक पंजी.

तिनं तोंड वाकडं केलं नाही. तोंड सरळही केलं नाही. डाव जिंकला, घेवडे ओढले, आणि खिडकीतून बाहेर बघितलं. पुलावर काही नव्हतं.

"आज वहिनीचं नशीब उघडलंय," आर्लिस म्हणाला.

"नशीब कसलं, रांडमुंड बाईला काय नशीब," जूनी म्हणाली, आणि आपण काय बोललो ते कळून गप्प बसली.

दुसऱ्या डावाला आर्लिसनं दोन एक्के दिले. एल्झी खोकत होता, जूनी आपलीच पानं लावत होती, कुणाचं लक्ष नव्हतं. डेल्फिया त्या दोन एक्क्यांकडे बघत राहिली. तिला आधी राग आला, कारण समजलं नाही की तिला राग येतो, हा तिचा स्वभाव. मग तिनं एक्के बाजूला उपडे ठेवले. ही दया असेल, असं तिनं स्वतःला सांगून बघितलं. नवरा गेलेल्या बाईला दोन मूठ घेवडे जिंकू द्यावेत, असं एखाद्याला वाटू शकतं. पण आर्लिसला?

तिसऱ्या डावाला ती थांबली. आर्लिसनं पानं सरकवताना तिच्याकडे बघितलं नाही, मेणकापडावरच्या एका डागाकडे बघितलं. तिनं तीनही पानं न बघता टेबलावर उलटी केली. दोन राजे आणि एक्का.

"अगं, असं उघडं करतात का?" जूनी म्हणाली. "डाव मोडला."

"मोडू दे." डेल्फियाचा आवाज शांत होता. तिला ओळखणाऱ्यांना त्याचीच भीती वाटायची. "आर्लिस, तू मला राजे का देतोयस?"

"हातात तेच आले. नको होते मला."

"राजे नको होते? तुला?"

"बाई, लागले असतील," एल्झी म्हणाला. "पत्ता आहे, लागतो कधी."

"मला लागले नाहीत. त्यानं दिले. माझी आई गेली त्या आठवड्यात तू इथंच बसला होतास, आर्लिस. दुर्री, चौकी आणि सत्ती दिलीस, आणि जपून वापर म्हणालास. मी हसले, कारण तू तसाच आहेस. तू आयुष्यात कुणाला दया दाखवली नाहीस. मग हे कशाचं देणं देतोयस?"

जूनी हसायला गेली. "काय गं, तुझ्यावर डोळा ठेवून आहे का काय हा?" पण हसता हसता तिनं नवऱ्याकडे बघितलं आणि हसू तोंडातच राहिलं. आर्लिसचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्याचे दोन्ही हात टेबलावर होते आणि ते त्याचे नसल्यासारखे तो त्यांच्याकडे बघत होता.

"होबर्ट गेला त्या पहाटे तू कुठं होतास?" डेल्फियानं विचारलं.

"फाटकावर."

"फाटकावर मी होते."

मग आर्लिस बोलायला लागला आणि त्याला थांबता येईना. "धुकं होतं, वहिनी. हात दिसत नव्हता पुढचा. खाणीकडनं एकजण येत होता, हातात डबा. खाणीकडनं डबा घेऊन कोण येणार? पाळी संपवून येणारा संपफोड्या. मी कुदळीचा दांडा घातला. एकदा घातला, खाली पडला, दुसऱ्यांदा घातला तेव्हा त्यानं माझं नाव घेतलं." त्यानं श्वास घेतला. "आधी घेतलं असतं तर. एक क्षण आधी. तो त्या बाजूनं का येत होता, वहिनी? आपला माणूस त्या बाजूनं का येईल?"

"डबा कुठाय?"

"ओढ्यात टाकला."

"आणि टॅकेटवर ढकललंस."

"मी कुणावर काही ढकललं नाही. सगळे आपणहून म्हणाले. मी फक्त बोललो नाही."

जूनीनं तोंडावर दोन्ही हात दाबले होते. डेल्फियाला वाटलं आता आपण ओरडू, पण ओरडणं आलं नाही. होबर्टनं नाव घेतलं होतं. एवढंच डोक्यात फिरत राहिलं, की त्यानं दोस्ताला ओळखलं आणि नाव घेतलं, मदतीला बोलवावं तसं.

तेवढ्यात पुलाच्या फळ्या वाजल्या. ओसरीत खुर्ची सरकली. तिनं खिडकीतून बघितलं तर टॅकेटची गाडी पुलावर चढली होती, हळू, आणि वेंडल उभा राहून बंदूक खांद्याला लावत होता.

"वेंडल," ती ओरडली. "तो नाही. हा आहे. तुझा बाप यानं मारला."

पुढे अनेकांनी तिला विचारलं की हे तेव्हाच का सांगितलंस, नुसतं थांब म्हणायचं होतंस. तिला दुसरं काही सुचलं नाही. थांब म्हटल्यावर थांबणारं पोर तिनं जन्माला घातलं नव्हतं. वेंडल वळला, दार पायानं ढकलून आत आला आणि बंदुकीची नळी आर्लिसच्या छातीवर धरली. पाठीमागे टॅकेटची गाडी फळ्या वाजवत पूल उतरून गेली.

"खरं?" त्यानं विचारलं.

आर्लिस उठला नाही. "खरं," तो म्हणाला. "मार."

वेंडलचं बोट चापावर गेलं. डेल्फियानं ते बोट बघितलं. लहानपणी हेच बोट दारात चेमटल्यावर तिनं फुंकर घातली होती, पण तेव्हा ते आठवायला वेळ नव्हता. तिच्या डोक्यात एकच हिशेब झाला. याला कुणीतरी मारणार आहे, या खोलीत, आत्ता. ते या पोरानं करता कामा नये.

तिनं चुलीवरचा बिडाचा तवा फडक्यानं धरून उचलला. भाकर जमिनीवर पडली. पहिला घाव आर्लिसच्या टेबलावर पसरलेल्या उजव्या हातावर बसला, हाडं मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला, पत्ते आणि घेवडे उडाले. दुसरा जबड्यावर. तो खुर्चीसकट आडवा झाला. ती त्याच्या अंगावर गेली, बंदुकीची नळी आणि तो यांच्या मधोमध, पाठ पोराकडे करून. वेंडलला आता गोळी झाडायची तर आईच्या पाठीतून झाडावी लागली असती. तिनं खांद्यावर हाणलं, बरगडीवर हाणलं. तवा अजून गरम होता, त्याच्या सदऱ्याचा धूर निघाला. आर्लिसनं हात वर केला नाही. यामुळे तिला आणखी चेव आला. तिला थांबायचं होतं की नव्हतं ते तिलाही कळत नव्हतं. पोरासाठी सुरू केलं होतं, पण तिसऱ्या-चौथ्या घावानंतर ते होबर्टसाठी झालं, आणि मग नुसतंच.

"आई," वेंडल म्हणाला. मग ओरडला, "आई, मरेल तो."

"मरू दे. तू मागे हो."

बंदूक खाली पडल्याचा आवाज आला. पोरानं तिला मागून कवटाळलं, दोन्ही हात आवळून, आणि ती त्यालाही कोपरानं मारत राहिली, त्याचा ओठ फुटला तरी त्यानं सोडलं नाही. शेवटी तवा तिच्या हातातून सुटला. फडकं जळलं होतं, तळहाताची कातडी गेली होती, ते तिला आत्ता कळलं.

"सोड," ती धापा टाकत म्हणाली. "झालं. तुझ्या वाटणीचं काही उरलं नाही."

वेंडल तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. मोठा झाल्यापासून पहिल्यांदा. एल्झीनं वाकून बंदूक उचलली, गोळ्या काढून खिशात टाकल्या, आणि खोकत म्हणाला, "पोरा, रडणं नंतर. हा श्वास घेतोय अजून."

वेंडलनं डोळे पुसले. आर्लिसच्या तोंडातून रक्त आणि दात येत होते. ज्याच्या छातीवर आत्ता नळी धरली होती त्याला उचलायला पोर वाकेल का, हे डेल्फियाला ठाऊक नव्हतं. हे तिनं सांगून उपयोग नव्हता. वेंडल बराच वेळ उभा राहिला. मग वाकला, आर्लिसच्या काखेत हात घातले, त्याला आपल्या ट्रकच्या मागच्या हौद्यात घोंगडीवर निजवलं, आणि शहराच्या दवाखान्याकडे गाडी सोडली. जूनी मागे नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. तिनं जाताना डेल्फियाकडे बघितलं नाही.

संध्याकाळी शेरीफचा हवालदार आला, खोऱ्यातलाच एक तरुण पोरगा, ज्याच्या बापाला डेल्फियानं कधीकाळी परसात दोन ठेवून दिल्या होत्या. ती पायरीवर हात लोण्यात बुडवून बसली होती. आत जमीन रक्त, पत्ते आणि घेवड्यांनी तशीच भरलेली होती.

"काकू, आर्लिसला इतकं कुणी बडवलं?"

"मी."

"एकटीनं?"

"दुसऱ्याची मदत लागेल असं वाटतं का तुला?"

त्यानं लिहिलं. मग जरा घुटमळत विचारलं, "आणि वेंडल? लोक म्हणतात तो बंदूक घेऊन बसला होता."

"एल्झीला विचार, बंदुकीत गोळीसुद्धा नाही." तिनं भाजलेला हात उचलला आणि त्याच्या कागदावर ठेवला, त्याला बंदुकीचं लिहिता येऊ नये म्हणून, आणि मग काढून घेतला. "आधी हे लिही. ज्यानं त्याचा बाप मारला, त्या माणसाला माझ्या पोरानं उचलून दवाखान्यात नेलं. लिहिलंस? मोठ्यानं वाचून दाखव."